जिन्यातलं निळं ऊन

ऊन पडलं रे पडलं, की उन्हावर संशोधन करणाऱ्या त्या प्रयोगशाळेचे पडदे आपोआप खाली येत. इमारत नवी होती, हुशार होती आणि उन्हापासून माणसांचं रक्षण करायचं तिने मनावर घेतलं होतं. तिथल्या गेर्लिंडे मुचलरने पडदे वर ठेवा म्हणून तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं की पडद्यांची समिती वसंतात बसेल. गेर्लिंडेची नोकरी डिसेंबरात संपत होती.

ती वाचवायची तर शुक्रवारी परीक्षकांना बाटली दाखवायची होती. बाटलीत पिवळसर पाणी. त्यातले रेणू उन्हात बसले की इलेक्ट्रॉन धरून आपल्यापाशी जमवत, आणि जमतील तसं पाणी निळं होई. मग ऊन मावळो, ढग येवोत, निळं ते निळंच. हवं तेव्हा आम्लाचे चार थेंब टाकले की हायड्रोजनचे बुडबुडे. फक्त हवा लागता कामा नये. हवा लागली की सगळं जमवलेलं उधळून पाणी पुन्हा पिवळं.

म्हणून शनिवारी तिने बाटली घरी आणली आणि जिन्यातल्या दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. शेजारी चिठ्ठी: ‘कृपया हात लावू नये.’

नोव्हेंबरात डॅन्यूब नदीचं धुकं उल्म शहरावर बसलं की लवकर उठत नाही, पण त्या आठवड्यात ते रोज सकाळी नऊच्या सुमाराला विरत होतं. संध्याकाळी गेर्लिंडे कामावरून येई तेव्हा बाटली निळीशार असे. ती पायरीवर बसे. जिन्यातला दिवा मिनिटाभराने आपोआप विझे, तरी ती उठत नसे. दिवसभराचं ऊन काचेत डोळे मिटून पडलंय, आणि आपण त्याच्या उशाशी बसलोय, असं तिला वाटे. सोमवारपासून निळी, मंगळवारी निळी, बुधवारी निळी. परीक्षकांना सांगायचं वाक्य ती मनात घोळवी: ‘सोमवारपासून एक कणही सांडलेला नाही.’

शुक्रवारी सकाळी आठला ती बाटली न्यायला खाली उतरली. खिडकीपाशी शेजारच्या नेगेलेबाई उभ्या. वय एकाहत्तर, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बाटलीचं बूच. पाणी पिवळंधमक.

“नेगेलेबाई!”

“ओरडू नका हो डॉक्टरबाई. होतं परत निळं.”

त्या आठवड्यात जिना झाडायची पाटी नेगेलेबाईंच्या दाराला टांगलेली होती. पाटी ज्याच्या दाराला, जिना त्याच्या ताब्यात. याला इथे कोणाचीही चिठ्ठी आड येत नाही.

“पण उघडलीत कशाला?”

“सोमवारी बघते तर पिवळ्याचं निळं झालेलं. म्हटलं, सरबत सडलं तुमचं. उघडून हलवलं, वास घेतला, तर डोळ्यांदेखत पिवळं! गपचूप बूच लावलं. आणि संध्याकाळी बघते तर निळं.”

“सोमवारी? म्हणजे मंगळवारी...”

“मंगळवारी खात्री करायला. बुधवारी वरच्या मजल्यावरचे श्वेंक म्हणाले की तुम्ही फेकताय, म्हणून त्यांना दाखवायला. काल ते म्हणाले, तुमच्या हाताला येतं ते माझ्या हाताला येतं का बघू. म्हणून त्यांनी उघडली.”

“आणि आज?”

नेगेलेबाईंनी बूच एप्रनला पुसलं. “आज सवयीने.”

गेर्लिंडेने घड्याळात पाहिलं. साडेदहाला परीक्षक येणार आणि हातात पिवळं पाणी. सोमवारपासूनचं तिचं वाक्यही खोटं ठरलं होतं.

“चला, मीही येते,” नेगेलेबाई म्हणाल्या. “कोणी उघडली ते मीच सांगते. माझ्यापायी तुम्हाला बोलणी नकोत.”

प्रयोगशाळेत दोघी पोचल्या तेव्हा धुकं विरलं होतं. लख्ख ऊन पडलं आणि सगळे पडदे एकदम खाली आले.

परीक्षक दोघे होते. त्यांतल्या प्राध्यापिका क्वास्ट उत्तर जर्मनीतल्या, म्हणजे हसायला वेळ लावणाऱ्या. त्यांनी पिवळी बाटली पाहिली, मग गेर्लिंडेकडे पाहिलं. “ही निळी असायला हवी होती ना?”

“सकाळी उघडली गेली,” गेर्लिंडे म्हणाली. खोटं बोलण्याइतकीही उमेद तिच्यात उरली नव्हती.

“मी उघडली,” नेगेलेबाई पुढे झाल्या. “आणि इथे तुमचा जन्म गेला तरी निळी व्हायची नाही. अंधारकोठडी आहे नुसती. आमच्या जिन्यात चला.”

अकरा वाजता दोन्ही परीक्षक जिन्यात पायरीवर बसले होते, मोजे घातलेल्या पायांनी. बूट नेगेलेबाईंनी खालीच काढायला लावले होते. खिडकीतून ऊन येत होतं. पाण्यात आधी नुसती शंका आली, मग सावली, मग बुडापासून निळाई चढू लागली. क्वास्टबाईंचा चष्मा हळूहळू निळा झाला, आणि दुसरे परीक्षक तर भिंतीला डोकं टेकून बघता बघता वाजणारा फोन उचलायला विसरले. गेर्लिंडेने बुचातून सुईने आम्लाचे थेंब सोडले. बुडबुडे वर आले, मोगऱ्याच्या कळ्यांएवढे.

“सुंदर,” क्वास्टबाई म्हणाल्या. “पण हे कितीदा होतं? एकदा चार्ज करून दाखवणारे पुष्कळ भेटतात.”

गेर्लिंडेने ते कधी तपासलंच नव्हतं. बाटली उघडायचीच तिला भीती.

नेगेलेबाईंनी एप्रनच्या खिशातून जिना झाडल्याची वही काढली. “सोमवार, साडेआठ: पायपुसणी झटकली, बाटली उघडली, पिवळी. साडेचार: निळी. मंगळवार, साडेआठ: कठडा पुसला, बाटली उघडली...” पाच दिवस, पाच वेळा, मिनिटासकट. गुरुवारपुढे श्वेंक यांची सही.

नाताळाआधी पत्र आलं. नोकरी दोन वर्षांनी वाढली होती. अहवालात लिहिलं होतं: ‘पाच आवर्तनं. नोंदी विश्वासार्ह. जिना स्वच्छ.’

गेर्लिंडे पत्र घेऊन धावत वर आली, तर तिच्याच दाराला नेगेलेबाई पाटी टांगत होत्या.

“अहो, माझी पाळी पुढच्या आठवड्यात!”

“यापुढे तुमचीच,” नेगेलेबाई म्हणाल्या आणि झाडू तिच्या हातात दिला. “मला बाटलीकडे बघायचं असतं.”