गुळाला साखर म्हणत नाहीत

मधुमेह हा एकाला होणारा आणि अख्ख्या गावानं उपचार करण्याचा आजार आहे. दर्यापुरात डॉक्टर मोजके. सल्लागार मात्र मतदारयादीइतके (मयत धरून).

चंद्रभानजींची साखर वाढल्याचं वृत्त संध्याकाळपर्यंत सर्वदूर पोचलं. त्यांना मनातून बरंच वाटलं. सरकी-ढेपेच्या दुकानात हयात गेली, पण इतकी माणसं कधी विचारपूस करायला आली नव्हती. कुणी कारल्याचा रस सुचवला, कुणी जांभळाच्या बियांची पूड. अकोटच्या साडूंनी वावरात अनवाणी चालायला सांगितलं. काळी माती तळव्यातून साखर ओढून घेते, हे त्यांनी मोबाईलवर स्वतः पाहिलं होतं.

भिडस्त चंद्रभानजींनी सगळंच सुरू केलं. डॉक्टरांच्या गोळ्या तेवढ्या बंद केल्या, कारण डॉक्टर काही घरी येऊन आग्रह करत नव्हते.

आल्यागेल्याला चहा पाजणं आलंच, आणि यजमानानं सोबत न घेणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. चहा अर्थातच गुळाचा. साखर कारखान्यात होते, म्हणून विष. गूळ गुऱ्हाळात होतो, म्हणून औषध. (ऊस या प्रकरणी तटस्थ आहे.) जितके उपाय, तितका चहा.

"गोळी काहून घेत नाही तुमी?" त्यांच्या पत्नी माणिकबाई रोज विचारत.

"अवं, दोन्ही घेतलं तं गुण कोनाचा आला, हे समजन कसं?"

या शास्त्रीय भूमिकेपुढे माणिकबाईंचं काही चालेना. त्यांना भीती वाटत होती, पण भीतीला कुणी उपाय मानत नाही.

एके दिवशी वावरात कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट पायाच्या अंगठ्यात घुसलं. दुखलं अजिबात नाही. साडूंनी फोनवर अभिनंदन केलं. मातीचा गुण येऊ लागला होता. हळद लावली. अंगठा काळा पडला, तेव्हाही दुखलं नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पाय वाचवायचा असेल तर अंगठा काढावा लागेल."

अंगठा काढला. दुसऱ्याच दिवशी साडू कसलासा काढा घेऊन हजर झाले. माणिकबाई खोलीच्या दारातच स्टूल टाकून बसल्या होत्या.

"भाऊजी, राह्यला तेवढा पाय तरी राहू द्या आता."

साडू रागानं परत गेले. कुणाचं भलं करायचे दिवस राहिले नाहीत, असं ते अजून सांगत असतात.

आपण अर्थातच त्यांच्यातले नाही. हे वाचताना आपल्याला चंद्रभानजींसाठी एकच उपाय आठवला आहे, आणि तो खरोखर गुणकारी आहे. आपल्या ओळखीत एकाला फरक पडलेला आहे. भेटायची वेळ संध्याकाळी चार ते सहा. माणिकबाई दारातच आहेत.