तळपायावरची टिचकी

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत दिवसाढवळ्या डोळा लागणं धोक्याचं आहे. जिन्यापाशी खुर्ची टाकून तुम्ही जरा पेंगलात, की तळपायावर टिचकी बसते. दचकून बघावं तर समोर गांगुर्डे सिस्टर. "विसरलास की काय रे बाळा?" एवढं विचारून त्या जिना चढून जातात. माझा नवरा प्रेसमध्ये शिफ्ट करणारा, पन्नाशीचा माणूस. हे बाळ हल्ली मोजे घालून झोपतं.

विसरलास म्हणजे काय, ते शेवटी मीच विचारून घेतलं. सिस्टरांची सगळी नोकरी इस्पितळात, काचेच्या पेटीतल्या बाळांपाशी गेली. दिवस भरायच्या आधी आलेली ती बाळं झोपेत मध्येच श्वास घ्यायला विसरतात म्हणे. मग तळपायाला हलकीशी टिचकी मारायची. बाळाला आठवतं आणि गाडी पुढे चालू.

गेल्या वर्षी त्यांनी स्वतःहून हाडांचा वॉर्ड मागून घेतला. "रडणं ऐकून कान किटले गं," एवढंच कारण सांगितलं. वॉर्ड बदलला, सिस्टर काही बदलल्या नाहीत.

माझे दीर एकलहऱ्याला वीजकेंद्रात आहेत. स्कूटरवरून घसरून त्यांचा पाय मोडला आणि ते नेमके सिस्टरांच्या तावडीत सापडले. त्यांचं वजन ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सिस्टर म्हणाल्या, "छान भरलंय हं वजन." मग बाळाला दुपट्यात बांधावं तसं त्यांना चादरीत गुंडाळलं, नाक तेवढं बाहेर. "झोप लय भारी लागली वहिनी," दीर सांगत होते, "पण नाक खाजवायला हात निघंना." घरी सोडलं त्या दिवशी मात्र हा मिशाळ गडी डोळे पुसत होता. खोटं कशाला सांगू, मला हसूच आलं.

परवा सिस्टरांना ताप होता. त्या एकट्याच राहतात, जादा किल्ली माझ्याकडे असते. दुपारी पेज घेऊन गेले. दोन-तीन हाका मारल्या, हूं नाही की चूं नाही. पाय पांघरुणाबाहेर होता. दुसरं काही सुचेना, म्हणून तळपायावर टिचकी मारली.

डोळे उघडले. "केवढ्यानं मारलीस. बाळ असतं तर कळवळलं असतं."

मी ओशाळले.

"तुझं जाऊ दे. माझीच जोरात पडायला लागली होती." त्यांनी हात वर धरला. बोटं थरथरत होती. तापानं असेल, मी म्हटलं.

"ताप काल आला गं. एकदा एवढासा पाय लाल झाला माझ्या टिचकीनं. कुणी पाहिलं नाही, मी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी बदली मागितली. मोठ्यांना सोसतं."

कान किटले म्हणे. मला फार वाईट वाटलं. ज्या बाळांसाठी ही बाई आयुष्यभर जागी राहिली, त्यातलं एकही तिला ओळखणार नव्हतं.

मी पेजेची वाटी पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. दुसरा पाय पांघरुणाबाहेर काढला.

"आता हलकी मारून दाखव. शिकून ठेव. माझ्याकडे बघायला तूच आहेस."

मी मारली.

"अजून हलकी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.