बाकड्याचं दुसरं टोक

डोंगरकडा गावच्या भीमराजला त्या सकाळी स्वतःच्याच कारागिरीचा घोर लागला होता. बाकड्याचे टोकाचे पाय कुजले, म्हणून या शहाण्यानं ते कापून नवे पाय पार मधोमध ठोकले. बायको जनकाबाई एका टोकाला टेकली, तर दुसरं टोक वर उठलं आणि ती थेट फरशीवर.

"ह्याच्यावर पाव्हणे बसवता व्हय?"

"दुसऱ्या टोकाला वजन पाह्यजे फक्त. मी बसतो."

"मंग उठू नका म्हंजे झालं."

शेजारून खुर्च्या आणाव्यात, तर दारात सोयरिकीच्या पाव्हण्यांची जीप थांबलीच. लेक करुणा आणि आयुष एकमेकांना कधीच पसंत होते. सगळं अडलं होतं सेनगावच्या रामजीमामाच्या शब्दावर, आणि आयुषचा हा मामा मानपानाला भारी कडक. तो नेमका बाकड्यावरच टेकायला गेला. भीमराजनं झेप घेऊन दुसरं टोक गाठलं.

तिथून त्याचे हाल सुरू झाले. पाणी द्यायला उठला नाही, पोह्यांचा आग्रहही बसल्या जागेवरूनच. मामाचं तोंड आंबट होत चाललं. समोरच्या बशीला त्यानं हातही लावला नाही. बापाच्या बसून राहण्यापायी पोरीचं जमलेलं मोडणार, या धास्तीनं भीमराजला घाम फुटला.

तेवढ्यात आयुष मामाला आणि भीमराजला म्हणाला, "बोलणी सुरू व्हायच्या आधी बाबासाहेबांच्या फोटोपुढं तुमी दोघं मेणबत्ती लावा."

कोणीच उठेना. करुणा बापाकडं बघून रडकुंडीला आली. शेवटी भीमराजनं लाज सोडली आणि मामाकडं बघत शब्द टाकला, "मामा, आधी तुमी उठा. मी पडलो तर चालंल. मी उठलो तर तुमी पडताल."

मामा हळूच म्हणाला, "बसल्याबरुबर कळलं मला. पोरीचा बाप पडंल म्हणून तर मी उठून न्हाई राहिलो. पोहे बी त्याच्यापायीच राहिले. वाकायची सोय नव्हती."

दोघांनी एकमेकांचा हात धरला आणि बरोबरच उठले. मेणबत्ती लागली. हात जोडून झाल्यावर मामा वळला.

"मानपान आमाला काईच नको," तो म्हणाला. "लग्नात खुर्च्या तेवढ्या आमी आणू."