भालूकाकांचं नाक आणि चौकोनी चिरूट

भालूकाकांच्या हातात काहीही द्या, ते आधी नाकाशी नेणार, डोळे मिटणार आणि मार्क देणार. चहा, पंचावन्न. माकुणसारच्या एका लग्नात बासुंदीला अठ्ठेचाळीस आणि वर "रिटेस्ट करा!" वधूपिता रडायचा तेवढा राहिला. एका बारशाला तर त्यांनी बाळाची टाळूच हुंगली आणि "सत्तर, ओके" म्हणाले. बाळाची आजी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

तारापूरकडच्या एका रंगाच्या कारखान्यात काका वीस वर्षं लॅबमध्ये होते. रंगाचा माल नीट जमला की बिघडला, ते यंत्राच्या आधी त्यांचं नाक सांगायचं. रिटायर झाले ते काका. नाक ड्युटीवरच राहिलं. मी बोईसरला त्यांच्या शेजारी राहतो, शाळेत चित्रकला शिकवतो. शेजार काही निवडता येत नाही, दुसरं काय!

एका रविवारी सकाळी हाक आली. "मास्तर, या. आणि दार लावा."

टेबलावर लाकडी पेटी होती. आत तपकिरी, जाडजूड चिरूट, पण गोल नव्हेत, दाबून चौकोनी केलेले.

"निकाराग्वाचा माल हाय. ॲटलासमधी बगितलं, लई लांब हाय," काका म्हणाले. "गोल वस्तू दाबून चौकोनी केली की पेटीत गप बसते. कंपनीनं आमचं पण तेच केलं."

पेटी त्यांच्या मुलानं, जगूनं पाठवली होती. त्याच्या जहाजावरचा सातपाटीचा एक सोबती सुट्टीवर आला होता, त्यानं ती सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आणून दिली. सोबत चार ओळींची चिठ्ठी. शेवटची ओळ अशी: "बाबा, नाक शाबूत असेल तर मार्क कळवा." सोबती त्याच संध्याकाळी परत निघणार होता आणि जाताना उत्तर नेणार होता.

या ओळीमागे चार वर्षांचा अबोला होता. काकांनी जगूला त्याच कारखान्यात चिकटवायचा घाट घातला होता. जगू म्हणाला, "ती कंपनी तुमचं नाक खाणार. माझं मी देणार नाय." काका म्हणाले, "माज्या नाकाला काय धाड भरली?" जगू जहाजावर गेला तो गेलाच.

"मग ओढा की," मी म्हटलं.

काकांनी दाराकडे बघितलं. "मास्तर, तीन वर्सं झाली. मला कसलाच वास येत नाय."

"आणि ती बासुंदी?"

"अंदाज."

"बाळ?"

"बाळाला दुधाशिवाय कसला वास येनार?"

मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते आवरलं. शेवटची वर्षं त्यांनी यंत्राचे आकडे बघून काढली होती. कुणाला सांगितलं नव्हतं, काकूंनासुद्धा नाही. "नाक तुमचं, मार्क माझे," ते म्हणाले.

कारखान्यात ड्रममधलं सॅम्पल वरून, मधून आणि तळातून घेतात म्हणे. काकांनी पेन्सिलीनं चिरुटाचे तीन भाग पाडले आणि तो पेटवून माझ्या तोंडात खुपसला. मी आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नाही.

"बोला."

"तपकिरी लागतंय."

"रंग नको, मास्तर! वास सांगा."

वरचा भाग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा लागला. मधला करपलेल्या गुळासारखा. तळाला पोचेपर्यंत मिरी लागत होती, डोळ्यांतून धारा वाहत होत्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर दोन दोन दिसत होतं. खारट मासळीसारखंही काहीतरी येत होतं. काका भराभर लिहीत होते. "मासळी? वा! समुद्रमार्गे आलाय ना माल!"

तेवढ्यात काकूंनी दार ढकललं. त्यांच्यामागून धुराचा लोट आत आला. चुलीवर बोंबील जळून कोळसा झाले होते.

"मी मुद्दाम उतरवले नाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आज तरी वासानं उठतात काय बगू."

काकांनी लिहायचं थांबवलं.

"तीन वर्सं रोज विचारते, कालवण कसं झालं? रोज म्हनता, बासष्ट. नासलेल्या मासळीला पण बासष्टच दिले तुमी. मला काय कळत नाय?"

"मग बोललीस का नाय?"

"तुमी लपवत होते. मी कशाला उघडं पाडू?"

काकांनी चिरुटाची एक कड बोटानं चाचपली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग त्यांनी रिपोर्टचा कागद ओढला. माझ्या नाकाचे ब्याऐंशी मार्क मांडून तयार होते. सहीपाशी पेन अडलं.

"दुसऱ्याच्या नाकावर मी कदी सही केली नाय, मास्तर."

त्यांनी ब्याऐंशीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: "मार्क देता येत नाहीत. तपासणाऱ्याचं नाक गेलं. तू म्हणालास तसंच झालं." आणि सही केली.

काकूंनी वाचलं, पदर डोळ्यांना लावला. "आता म्हनेल तो, बगा, मी सांगितलेलं."

"म्हनू दे," काका म्हणाले. कागदाची घडी त्यांना काही केल्या नीट जमत नव्हती. "हितं येऊन म्हनू दे."