दगड चावणारे तात्या

आमच्या शेळगावात कुणाच्या हातात दगड दिला तर तो बांधावर टाकील. तात्या तो दाताखाली धरतात. बारीक कपची चावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "कचकच लागली तर वाळू. लोण्यावानी गेला तर चिखल. तेल चिखलात जन्मतं, लेका."

तात्या तेल कंपनीत होते. विहिरी खोदणारी माणसं वेगळी. तात्यांचं काम त्याच्या आधीचं. खोलवरच्या दगडात कधीकाळी तेल तयार झालं असेल का, ते प्रयोगशाळेत तपासायचं. जुन्या समुद्राच्या तळाशी मेलेले जीव गाळात गाडले जातात, वर थरावर थर बसतात आणि तो गाळ जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर युगानुयुगं शिजत राहतो. कमी शिजला तर कच्चा, बेतानं शिजला तर तेल, फार झालं तर नुसता गॅस. तात्या माणसंही याच मापानं बघतात. माझ्या पुतणीला बघायला बारामती एमआयडीसीतला मुलगा आला, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरगा गुणाचा हाय, पण कच्चा हाय. जरा दाबात राहू द्या.

गेल्या उन्हाळ्यात मी डाळिंबासाठी बोअर घेतला. पाणी जेमतेम लागलं, पण त्यावर रंगीत तवंग. बघता बघता गाव गोळा झालं. काटेवाडीचा माझा मेव्हणा मोटरसायकल दामटत आला आणि पेट्रोल पंपाला कुणाचं नाव द्यायचं यावर बोलू लागला. मी तात्यांना बोलावून आणलं.

ते उकिडवे बसले. बोट बुडवलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. चेहरा असा की मलाही वाटलं, खरंच असावं. मग हळूच म्हणाले, "बोअरच्या मशीनचं डिझेल हाय."

गर्दी पांगली. मेव्हणा चहाही न घेता गेला. तात्या मात्र बोअरमधून निघालेल्या भुकटीच्या ढिगात हात घालून बसून राहिले. उन्हं कलली, उसातून वारा सुटला. मी चहा घेऊन गेलो, तेव्हा ते त्यांच्या बायकोबद्दल, सुमनकाकूंबद्दल बोलू लागले. तात्या आसामात असताना काकू इथं एकट्यानं रान बघायच्या. ते सुट्टीवर आले की म्हणायच्या, जगाच्या जमिनी तपासता, आपल्या रानाखाली काय हाय ते एकदा सांगा की. तात्या म्हणायचे, रिटायर झालो की सांगतो, अगं. त्याआधीच काकू गेल्या.

एवढं सांगून त्यांनी तळहातावर थोडी तांबडी भुकटी घेतली आणि ढिगाकडं बघत बोलू लागले.

"वरचा काळा दगड म्हंजी पूर्वीचा उकळता लाव्हारस. ही तांबडी, दोन रसांच्या मधली माती. तवा हिच्यावर ऊन पडायचं, पाऊस पडायचा. बघाया कुणी न्हवतं. मग पुन्हा काळा दगड, लई खोलवर. त्याच्याबी खाली नदीचा गाळ असंल, पानं असतील..."

मी चहा निवतोय म्हणून सांगणार होतो.

"पर खरं सांगू? तिथलं मलाबी ठावं न्हाय, अगं."

मी कपबशी आवाज न करता त्यांच्याजवळ ठेवली आणि घराकडं वळलो.