मागणी तिथे थांबा

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेलहून धबधब्याला जाणारी बस कुणी सुरू केली? मी! कागदोपत्री बस खात्याचं नाव असेल, पण डोकं माझं.

झालं काय, भारतातून कुणाचेही आईवडील आले, की शनिवारी त्यांना धबधबा दाखवावाच लागतो. आणि नाही म्हणता न येणारा ड्रायव्हर गावात एकच! एका उन्हाळ्यात मी अकरा वेळा गेलो. पार्किंगवाला मला घरच्यांची खुशाली विचारायला लागला!

शेवटी बस खात्याच्या सभेत उभं राहून मी ठणकावलं, "टुरिझम वाढवायचाय ना? मग आधी बस द्या!"

खात्याच्या ग्लेंडाबाई म्हणाल्या, "एका शनिवारी ट्रायल घेऊ. पंचवीस प्रवासी आणून दाखवा."

"पंचवीस? सव्वीस आणतो!"

"सुशांत, तुझ्या वाढदिवसाला आठ माणसं जमत नाहीत," घरी हिमानी म्हणाली. माझ्या बायकोला व्हिजन म्हणून नाही!

सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या झाडून सगळ्या काका-काकूंना मी फोन लावले. भरले की सव्वीस! म्होरके माझे सासरे. नागपूरला आयुष्यभर बांधकाम खात्यात काढल्यामुळे ते अमेरिकेतल्या कुठल्याही पुलाखाली आधी वाकून बघतात.

शनिवारी सकाळी इथली नेहमीची भुरभुर चालू होती. छत्र्या मिटत मंडळी बसमध्ये चढली. दाराशी ग्लेंडाबाई कागद-पेन घेऊन बसल्या. कुठल्या स्टॉपवर किती उतरले, किती चढले, ते त्या टिपणार होत्या. वाटेतल्या छोट्या गावांत एकोणीस स्टॉप होते, पण कुणी खिडकीवरची पिवळी दोरी ओढून घंटा वाजवली तरच बस थांबणार. आमच्यातलं कोण कशाला मधे उतरतंय? पन्नास मिनिटांत धबधबा!

टिंग!

बस थांबली. कुणीच उतरलं नाही. निघाली. टिंग! पुन्हा थांबली.

"बिघडली वाटतं," मागून कांचनमावशी म्हणाल्या. त्या माझ्या मित्राच्या आई, पुण्याहून आलेल्या.

"छे! चहापाण्याला थांबली असेल," सासरे उठलेच. "चला, पाय मोकळे करू!"

झालं! अख्खी बस खाली. सासऱ्यांनी पुलाचं काँक्रीट ठोकून पाहिलं, मावशींनी कुणाच्या तरी कुंपणावरच्या गुलाबाची चौकशी केली, ग्रुप फोटो झाला, आणि सगळे परत चढले. पुढच्या स्टॉपवर तेच. त्याच्या पुढच्या स्टॉपवरही तेच! लग्नाच्या वऱ्हाडानं वाटेतला प्रत्येक मारुती गाठावा तसा आमचा प्रवास चालला. ग्लेंडाबाईंचं पेन मात्र सुसाट!

नवव्या स्टॉपनंतर माझं लक्ष वर गेलं. पिवळ्या दोरीवर मावशींची छत्री लटकत होती! बस वळली की छत्री झुलायची, छत्री झुलली की दोरी ओढली जायची. टिंग!

"मावशी, अहो छत्री काढा!"

"का रे? ओल्या छत्र्यांसाठीच बांधलीय ना ती? केवढी सोय! सगळ्यांना सांगितलं मी."

पाहतो तर मागे आणखी सात छत्र्या निथळत होत्या.

मी धावत ग्लेंडाबाईंकडे गेलो. "मॅडम, एक मिस्टेक झालीय..."

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "सुशांत, बारा वर्षं मी या छोट्या गावांसाठी बस मागतेय. सगळे म्हणतात, तिथे उतरणार कोण? हे बघ! दोनशे आठ उतरले! सॉरी, काय म्हणत होतास?"

"काही नाही," मी म्हटलं. "फारच सुंदर गावं आहेत."

आणि जागेवर येऊन बसलो. छत्र्या तशाच राहिल्या. आता त्या काढायला माझा हात होईना!

पन्नास मिनिटांच्या प्रवासाला तीन तास लागले. ड्रायव्हरची ड्यूटी संपत आल्यामुळे धबधब्यापाशी दहा मिनिटं मिळाली. उतारूंचा आकडा चारशे सदतीस!

महिन्याभरात बस मंजूर झाली, तीही एकोणीसच्या एकोणीस स्टॉपवर सक्तीनं थांबणारी. मला वाटलं, आता तीन तासांची बस कोण घेणार? माझ्या गाडीला सुट्टी नाही! पण नाही. दर शनिवारी आमची ज्येष्ठ मंडळी पहिल्याच स्टॉपवर बस काबीज करतात. धबधब्यापर्यंत कुणी जातच नाही. सासऱ्यांचा चौथ्या स्टॉपवरच्या एका रिटायर्ड इंजिनिअरशी पुलावरून वाद चाललाय, तो मिटायचं नाव नाही. मावशींनी गुलाबवाल्या बाईंना थालीपीठ शिकवलं. संध्याकाळी सगळे त्याच बसनं परत. माझे शनिवार एकदम मोकळे! मानलं की नाही?

फक्त एक आहे. तीन आठवड्यांपूर्वी ग्लेंडाबाईंची मेल आली. 'बस तुडुंब जाते, अभिनंदन! पण टुरिस्टांना सीटच मिळत नाहीये. तू अनुभवी माणूस, काही सुचतंय का?'

उत्तर लिहायला घेतलंय मी. 'डिअर ग्लेंडा'पर्यंत झालंय.