हक्कांस बाध न येता

निमकर वकिलांना तुम्ही जेवायला बोलावलंत, तर ते सरळ 'येतो' म्हणणार नाहीत. 'माझ्या हक्कांस बाध न येता येतो,' असं म्हणतील. मग येतील, पहिला घास घेतील, डोळे मिटून विचार करतील आणि सांगतील, "हक्कांस बाध न येता बोलतो, आमटीत मीठ किंचित कमी आहे." वकिली नोटिशीत हे शब्द असतात. अर्थ एवढाच, की मी आत्ता हे बोलतोय खरा, पण उद्या याच्या उलट बोलायचा माझा अधिकार शाबूत आहे. माझी बायको मेधा म्हणते, या माणसापुढे मीठ ठेवावं की उचलावं तेच कळत नाही.

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर आहेत. निमकर मूळचे सांगलीचे; बायको नलिनी गेल्यापासून एकटेच राहतात. तिथल्या कोर्टात अठरा वर्षं वकिली केली, आणि इथे बावीस वर्षं एका लीगल कन्सल्टन्सीत करारमदार तपासतात. त्यांचं वाचन इतकं बारीक, की एकदा मी त्यांना घराचा भाडेकरार दाखवला तर ते म्हणाले, "मुद्दा क्रमांक एक, यात तुमचं नाव बरोबर आहे. बाकी सगळ्याला माझी हरकत आहे."

मजल्यावरच्या पोरांची भांडणंही त्यांच्याकडेच जातात. निमकर दोन्ही बाजू ऐकून घेतात, वहीत टिपतात आणि गंभीरपणे म्हणतात, "निकाल शनिवारपर्यंत राखून ठेवतो." शनिवारी पोरं येतच नाहीत, कारण तोवर भांडण विसरलेलं असतं. मी एकदा याबद्दल छेडलं, तर म्हणाले, "निम्मा न्याय उशिरानेच होतो. पण हे कुठे बोलू नका."

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे न्यायाधीशाची खुर्ची. सांगलीत असताना तीनदा मुलाखतीपर्यंत गेले आणि तीनदा परत आले. मग दुबईला आले, आणि इथे तर आपल्याकडच्या वकिलाला कोर्टात उभंही राहता येत नाही. कागद निमकर तयार करतात, बाजू अरबीत मांडतो तो इथला लोकल ॲडव्होकेट. निमकर त्याच्या मागे फाईल धरून बसतात. काळा कोट मात्र अजून कपाटात आहे. दर वर्षी जूनमध्ये ते तो लॉन्ड्रीत देतात, आणि न घातलेला कोट धुऊन परत आला की पुन्हा कपाटात लावतात.

तर यंदा आमच्या मराठी मंडळातल्या अपील समितीचं अध्यक्षपद रिकामं झालं. आधीचे अध्यक्ष रिटायर होऊन पुण्याला गेले. मंडळ म्हटलं की स्पर्धा आल्या, स्पर्धा आल्या की रुसवेफुगवे आले, आणि त्यावर शेवटचा शब्द या समितीचा. निमकरांनी पहिल्याच दिवशी अर्ज भरला. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात 'हक्कांस बाध न येता' लिहिलेलं होतंच. मला म्हणाले, "मी निवडून येणार. मंडळात कायदा कळणारा दुसरा माणूस दाखवा." मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी त्यांचा प्रचारक झालो.

विरुद्ध बाजूला होते कदमशेठ. त्यांचा केटरिंगचा धंदा. त्यांचा प्रचार म्हणजे दर वीकेंडला मिसळ. निमकरांचा प्रचार म्हणजे एक पत्रक, आणि त्यावर एकच ओळ: 'मी कोणालाही कोणतंही आश्वासन देत नाही.' रास अल खैमाला सिरॅमिकच्या फॅक्टरीत काम करणारी आपली चार कुटुंबं आहेत. तीही मंडळाची सभासद, म्हणून मी निमकरांना गाडीत घालून दीड तास तिकडे नेलं. यजमानांनी चहा दिला आणि विचारलं, "वकीलसाहेब, आमच्यासाठी काय करणार?" निमकर म्हणाले, "काहीच नाही." ते बिचारे म्हणाले, "मग एवढ्या लांब आलात कशाला?" "हेच सांगायला," निमकर म्हणाले. परतीच्या वाटेवर ते खुशीत होते. "चारही मतं आपलीच," म्हणाले.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण समितीपुढे एकच अपील पडून होतं, आणि ते माझ्या मुलीचं होतं.

ईरा नऊ वर्षांची. शाळेतून आली की रोज पाच वाजता समोर निमकर आजोबांकडे मराठी शिकायला जायची. ते तिला जोडाक्षरं शिकवायचे, ती त्यांना शाळेतल्या कागाळ्या सांगायची. मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय होता 'माझी आवडती व्यक्ती'. ईरा निमकर आजोबांवरच बोलली, आणि ते पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होते. भाषणाच्या शेवटी ती म्हणाली, "शाळेतून आल्यावर मला खूप कंटाळा येतो. पण आजोबांकडे गेलं की कंटाळा खलास!" टाळ्या पडल्या. परीक्षक सबनीसबाईंनी मात्र तिला बाद केलं. स्पर्धा शुद्ध मराठीची, 'खलास' हा इथला अरबी शब्द, सबब नियमभंग.

त्या दिवसापासून ईरानं मराठी बंद केलं. काही विचारा, उत्तर इंग्रजीत. पाच वाजता समोर जायला सांगितलं तर, "व्हॉट इफ आय से इट राँग अगेन?" जबरदस्तीनं पाठवली तर आजोबांशीही इंग्रजीतच बोलायची. मेधानं अपिलाचा अर्ज केला तो यासाठी. बक्षिसाचं आम्हाला काही नव्हतं, पोरीची बोली परत हवी होती.

कदमशेठ घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, टेन्शन नाय घ्यायचं. मी आलो की ईराचं अपील पास. इन्शाल्ला नाही, पक्कं." मेधा लगेच त्यांच्या बाजूला गेली. मी निमकरांचा प्रचारक आणि बायको कदमांची, असा आमच्या घरात पंधरा दिवस कारभार चालला. शेवटी मेधा समोरच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही निवडून आलात तर ईराचं काय?"

"प्रलंबित प्रकरणावर मला बोलता येणार नाही, मेधा. शिवाय भाषण माझ्यावरच होतं. मी त्या अपिलात बसणारच नाही."

"मग तुम्हाला मत देऊन आमचा फायदा काय?"

"काहीच नाही. म्हणून तर मत द्यावं," निमकर म्हणाले. मेधानं आठवडाभर त्यांच्याकडे आमटी पाठवली नाही.

दोन दिवसांनी कळलं, की कदमशेठनी सबनीसबाईंनाही 'तुमचाच निकाल कायम' असा शब्द दिला होता. त्यांची मिसळ दोन्हीकडे सारखीच तिखट होती. हे मी निमकरांच्या कानावर घातलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ईरा आज काही बोलली का?" मी म्हटलं, "बोलली. इंग्रजीत." त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी मंडळाची सभा भरली. निमकर आले ते काळा कोट घालून. बावीस वर्षांत कोट थोडा आखडला होता, किंवा निमकर थोडे वाढले होते. मतदान सुरू होणार एवढ्यात ते उठले आणि चिटणिसांपुढे कागद ठेवला.

"मी उमेदवारी मागे घेतो. मंडळाच्या घटनेप्रमाणे उमेदवाराला कुणाचं वकीलपत्र घेता येत नाही. मला एक अपील चालवायचं आहे."

चिटणीस गोंधळले. "निमकर, नीट विचार करा. माघार लिहून दिलीत की पुढे कधीच या पदाला उभं राहता येत नाही. तुमच्या हक्कांना बाध येईल."

सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. ते नेहमीचे शब्द आता येणार, याची आम्हाला खात्री होती.

"येऊ दे," निमकर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

कदमशेठ बिनविरोध अध्यक्ष झाले आणि घाम पुसत खुर्चीत बसले, कारण पहिलंच काम ते अपील होतं आणि शब्द दिलेल्या दोघीही, ईराला घेऊन आलेली मेधा आणि सबनीसबाई, समोरच होत्या. निमकर सबनीसबाईंकडे वळले. आवाज इतका मऊ, की बाई आधी घाबरल्याच.

"बाई, निकालपत्र आपणच लिहिलंत ना? त्यात आहे, 'स्पर्धक बाद. हरकत असल्यास अर्ज करावा.' हरकत अरबी, अर्ज अरबी. आणि ज्या शब्दानं पोरीला काढलंत, तो 'बाद'ही अरबीच. तारीख अरबी, कायदा अरबी, मला गेली चाळीस वर्षं वकील म्हणतात तोही अरबी. हे शब्द करामात नाही आले. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी ते घरात घेतले आणि त्यांना मराठी प्रत्यय लावून नांदवलं. 'खलास' माझी आजी सांगलीत म्हणायची. तिच्याकडे व्हिसा नव्हता."

हॉल हसला. सबनीसबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, कागद पुन्हा वाचला आणि मान वर करून म्हणाल्या, "माझी चूक झाली. अपील मंजूर करा."

"मंजूरही अरबीच, बाई," निमकर म्हणाले. मग मात्र बाईंनाही हसू आवरलं नाही. कदमशेठनी सुटकेचा श्वास सोडला, टेबलावर हात आपटला आणि निकाल दिला, "चला, खलास!"

संध्याकाळी आम्ही जिना चढत होतो. मी म्हटलं, "वकीलसाहेब, हातातली खुर्ची घालवलीत. आयुष्यभर वाट पाहिलीत तिची."

ते मधल्या पायरीवर थांबले. कोट आता हातावर घेतला होता.

"ऑफिसात दिवसभर इंग्रजी," ते म्हणाले. "कोर्टात अरबी, तेही दुसरा बोलतो. नलिनी होती तोवर घरी आलं की मराठी होतं. ती गेल्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर माझ्याशी रोज मराठीत बोलणारं एकच माणूस होतं, आणि तेही महिनाभर गप्प झालं होतं. खुर्चीवर बसून काय ऐकणार होतो मी?"

बावीस वर्षं समोरच्या दारात राहणाऱ्या या माणसाला मी नेहमी आमटीतल्या मिठावरूनच ओळखत आलो होतो, आणि त्याची मला तेव्हा लाज वाटली.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर आमचं दार उघडं होतं आणि ईरा उंबऱ्यात उभी होती.

"आजोबा, आई जेवायला बोलावतेय," ती म्हणाली. "यल्ला, लवकर या."

"आलो," निमकर म्हणाले.